पाव किलो भाजी आणि चार माणसं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. एकूण १७ आहेत. त्यात २००० कॅलरीचं दिवसाचं ताट मांडून दिलंय: धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा ३५, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली. शिवाय मीठ ५ ग्रॅमच्या आत, साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत. वजनं शिजवण्याआधीची. वाचून कुणीही मान डोलावेल.

घोडं अडतं ते मापावर. ताट एका माणसाचं आणि ग्रॅममधलं. घर मात्र वाटी, पळी, जुडी, चिमूट आणि पाव किलोवर चालतं, आणि पातेलं सगळ्यांचं एकच. आपल्या पोटात आज किती डाळ गेली हे वाटीतल्या आमटीकडे बघून आहारतज्ज्ञालाही सांगता येणार नाही. म्हणून हा हिशेब ताटावर बसल्यावर करूच नये. तो वाण्याच्या यादीत आणि भाजीच्या पिशवीत करावा, कारण महिन्याला किती आलं आणि किती संपलं हे तिथे नक्की कळतं. पुढचे आकडे चार मोठ्या माणसांच्या, बैठ्या कामाच्या घराचे धरले आहेत. लहान मुलं, गरोदर बाई किंवा दिवसभर अंगमेहनत करणारं कुणी घरात असेल तर ते बदलतील.

सगळ्यात मोठी खोट भाजीत आहे. बाजारात आपल्या तोंडून सहज निघतं, "भेंडी पाव किलो द्या." पाव किलो भेंडी, देठं-शेंडे काढून चार माणसांत, म्हणजे माणशी जेमतेम ५५ ग्रॅम. दुसऱ्या वेळी पाव किलो फ्लॉवर केला तरी दिवसाचे १०० ते १२० ग्रॅम होतात. हवेत ४००. चौघांना दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम निवडलेली भाजी लागते. आठवड्याची सव्वाअकरा किलो, आणि साली, देठं, मेथीच्या काड्या धरून आणायची तेरा-चौदा किलो. एवढी भाजी आणणार कोण, ठेवणार कुठे आणि सकाळी साडेसहाला निवडणार कोण? नियम इथे मोडतो, आणि मोडणाऱ्याला आळशी म्हणणं सोपं असतं. बहुतेक घरांत हे तीनही प्रश्न एकाच बाईच्या गळ्यात असतात, हे त्या १७ तत्त्वांत कुठे मोजलेलं नाही.

यातून मार्ग काढताना आधी भाजीचे कष्टांप्रमाणे दोन गट करावेत. लाल भोपळा, दुधी, कोबी, गाजर, काकडी, टोमॅटो यांना निवडणं असं नसतंच. धुवा, चिरा, टाका. सबंध लाल भोपळा फ्रिजबाहेर महिनाभर राहतो. मेथी, शेपू, गवार, वालाच्या शेंगा, करडई या वेळखाऊ. सहा दिवसांच्या डब्याला रोज वेळखाऊ भाजी धरली की बुधवारपर्यंत दम संपतो आणि गुरुवारी बटाटा येतो. बटाटा हिशेबात भाजी म्हणून धरू नये, तो पोळीच्या बाजूला मोडतो. आठवड्याला दोनच वेळखाऊ भाज्या आणि बाकी सोप्या, एवढं ठरवलं तरी निम्मं ओझं उतरतं.

दुसरं, गॅसच्या दोन शेगड्यांवर तिसरी भाजी चढत नाही, म्हणून उरलेलं वजन कोशिंबिरीने भरावं. चौघांच्या एका जेवणाला अर्धा किलो काकडी-गाजर-टोमॅटो धरा, माणशी सव्वाशे ग्रॅम तिथेच झाले. मीठ ताटात वाढताना घाला. आधी घातलं की पाणी सुटतं, कोशिंबीर पचपचीत होते आणि उरते. आमटीतही भाजी खपते: शेवग्याच्या शेंगा, दुधी, मुळा, पालक. डाळीच्या आमटीत पाव किलो दुधी गेला तर घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

पालेभाजी सडण्याचं कारण बहुधा ओलावा. जुडी आणल्याबरोबर धुऊन पिशवीत कोंबली की दोन दिवसांत काळी पडते. न धुता, मुळं कापून, पिवळी पानं काढून सुती कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवा. धुणं चिरायच्या आधी. टोमॅटो आणि पिकलेल्या फळांपासून लांब ठेवा, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. ऐन पावसाळ्यात पालेभाजी चिखलाची आणि महाग असते. तेव्हा पडवळ, दोडका, घोसाळी, दुधी यांच्यावर निभावून न्यावं, त्याने काही बिघडत नाही.

आता पोळी. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. सकाळचे पोहे ५० ग्रॅम, दुपारच्या तीन पोळ्या ९०, रात्रीच्या दोन पोळ्या ६० आणि भाताचे तांदूळ ५० ग्रॅम: २५० भरले. म्हणजे डब्यात चौथी पोळी, चहासोबत बिस्किटं किंवा संध्याकाळी वडापाव आला की धान्याची वाटणी ओलांडली. भाजी कमी असते म्हणून चौथी पोळी लागते, हे लक्षात घ्यायला हवं. नुसती पोळी कमी करा असा सल्ला देणारे हे विसरतात आणि माणूस पाच वाजता फरसाणाचा डबा उघडतो.

पोळीतलं तेल तर हिशेबात कुणी धरतच नाही. घडीच्या पोळीला घडीत आणि वरून मिळून अर्धा चहाचा चमचा तेल सहज जातं, म्हणजे सव्वादोन ग्रॅम. पाच पोळ्यांचं ११ ग्रॅम. दिवसाच्या २७ ग्रॅमपैकी ४० टक्के तेल भाजीला हात लागायच्या आधीच संपलं. वर कणकेत मोहन आणि डब्यात मऊ राहावी म्हणून लावलेलं तूप वेगळंच. तेव्हा तेल कमी करायचं तर सुरुवात फोडणीपासून करू नये, पोळीपासून करावी. घरी गरम खायच्या वेळेला फुलके किंवा भाकरी, आणि डब्याला घडीची पोळी. भाकरीला तेल लागत नाही. ज्वारीची एक मध्यम भाकरी पिठाच्या वजनाने दोन पोळ्यांच्या बरोबरीची.

फोडणीतलं तेल घाईने तोडलं की भाजी फसते. पसरट कढईत एक चमचा तेल टाकलं तर त्याचा नुसता थर पसरतो. मोहरी तडतडण्याआधी हिंग-हळद जळते, भाजी कडवट होते आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पळीभर तेल. याला उपाय म्हणजे छोटं, खोल कढलं. त्यात दोन चमचे तेलातही मोहरी बुडते आणि नीट फुटते. भाजी आधी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची आणि फोडणी वरून द्यायची. वरून दिलेल्या फोडणीचा वास टिकतो, त्यामुळे कमी तेल जाणवत नाही. वांगं आणि कारलं मात्र अशा पद्धतीला दाद देत नाहीत. त्यांना तेल लागतं ते लागतं. ती आठवड्यातून एकदा करावीत आणि नीट करावीत.

मोजायची सोपी युक्ती अशी: चौघांचं आठवड्याचं तेल-तूप ७५६ ग्रॅम, म्हणजे सुमारे ८३० मिली. तूप-लोणी खात असाल तर तेवढं वजा करून उरलेलं तेल रविवारी वेगळ्या बाटलीत काढा. शुक्रवारी बाटली रिकामी झाली तर कुठे गेलं ते आठवतं. पाच लिटरच्या कॅनमधून ओतताना ते कधीच कळत नाही. महिन्याला चौघांना साडेतीन लिटर पुरायला हवं. तळणीचं उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात पुन्हा तळू नका.

डाळीत उलटी तऱ्हा आहे, ती कमी पडते. आमटीच्या वाटीत तुरीची डाळ सुमारे १२० ग्रॅम मावते. चौघांच्या आमटीला एक वाटी डाळ लावली की माणशी ३० ग्रॅम. रात्री तीच आमटी पाणी घालून वाढवली तर ३० चे ६० होत नाहीत, पातळ होतात एवढंच. चौघांना महिन्याला डाळी-कडधान्यं मिळून दहा किलो लागतात आणि यादीत असतात तीन-चार. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांची काही भर तिथून पडते, शाकाहारी घराला दुसरी वाट नाही.

दिवसातून एकदा आमटी, एकदा उसळ आणि कधी नाश्त्याला मूगडाळीची धिरडी असं केलं तर ८५ गाठता येतात, आणि धिरड्यांनी पोह्यांचं धान्यही वाचतं. पिठलं, झुणका, पीठ पेरलेली सिमला मिरची यातलं बेसनही डाळच. मटकी एकदम अर्धा किलो भिजवा: आठ-दहा तास पाण्यात, मग पूर्ण निथळून सुती फडक्यात बांधून उन्हाळ्यात दहा-बारा तास, थंडीत त्याच्या दुप्पट. मोड चिकट होऊन वास येतो तो निथळणं राहिल्यामुळे. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते आणि उसळ सुकी केली की डब्यातून सांडत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मात्र डाळ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पैशाचा मुद्दा टाळून हे लिहिता येणार नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली रेशनच्या प्राधान्य यादीतल्या कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. दिवसाला ते १६६ ग्रॅम पडतं, म्हणजे ताटातल्या धान्याची दोन तृतीयांश सोय झाली. डाळ, भाजी, फळं, दूध मात्र खिशातून. मग ताटात भात-पोळीचा डोंगर होतो यात नवल काय? हातात थोडेच जास्तीचे पैसे असतील तर ते आधी डाळीवर घालावेत, मग हंगामी भाजीवर. बदाम-अक्रोड यादीत नसले तरी चालतात. ३५ ग्रॅमचा तो रकाना शेंगदाणे, तीळ, जवस, कारळं यांनी भरतो, आणि भाजी-कोशिंबिरीत घातलेलं कूट त्यातच धरायचं.

मीठ. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा पन्नास दिवस जायला हवा. तो तेवढा गेला तरी हुरळून जाऊ नये, कारण लोणचं, उडदाचा पापड, पाव, शेव-फरसाण यांतलं मीठ त्या पुड्यातलं नसतं. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम आहेच. एकदम अळणी केलं तर घर बंड करतं. आधी कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद करा, ते जिभेला सगळ्यात कमी जाणवतं. मग भाजीतलं दर पंधरवड्याला थोडं थोडं, आणि कमतरता लिंबू, आमसूल, चिंच यांनी भरून काढा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

पाकिटावर मीठ बहुधा मीठ म्हणून लिहिलेलं नसतं, सोडियम म्हणून मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचने गुणा: १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर ते २ ग्रॅम मीठ झालं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून नाचणीच्या बिस्किटांवर मैदा पहिला असेल तर ती मैद्याचीच बिस्किटं. साखरेच्या टक्क्यांवर, म्हणजे दिवसाच्या मर्यादेतला किती वाटा त्यात आहे या आकड्यावर, तर अजिबात विसंबू नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलिंग नियमांत ती टक्केवारी दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅम धरून काढतात, आणि पोषण संस्था सांगते २० ते २५. त्यामुळे पाकिटावर २० टक्के दिसले तर प्रत्यक्षात ते ४० किंवा जास्त समजावेत. दोन-दोन चमचे साखरेचे दोन कप चहा दिवसात होत असतील, तर २० ग्रॅम साखर त्यातच संपलेली असते.