लीजची गाडी मधेच सोडताना

नवऱ्याला ब्रेन ट्यूमर निघालाय हे ओळखीच्या बऱ्याच जणांना आता कळलंय. त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन, आत्ता नाही जमत. आज फक्त गाडीबद्दल, कारण मंडळातल्या एकदोघींनी विचारलं की लीज (म्हणजे कंपनीकडून ठराविक मुदतीसाठी भाड्याने घेतलेली गाडी) अर्धवट असताना तुम्ही ती सोडवलीत कशी, आणि फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसलाय.

आम्ही एडिसनला राहतो. न्यू जर्सीत पेशंटला वारंवार फिट येत असतील तर डॉक्टरला ते मोटार व्हेईकल कमिशनला (एमव्हीसी, म्हणजे इथलं आरटीओ) कळवावंच लागतं, तसा कायदाच आहे, आणि मग ६ महिने फिटशिवाय गेल्याखेरीज गाडी चालवता येत नाही. आमच्याकडे सर्जरी, मग रेडिएशन, मग किमो, त्यात ते ६ महिने कधी मोजायला सुरुवात करायची हेच कळेना. त्याची एसयूव्ही दारात उभी, ३६ महिन्यांची लीज, निम्मी पण झाली नव्हती, आणि हप्ता न चुकता दर महिन्याला जातोय, वर इन्शुरन्स. माझी जुनी सेडान आहे, तिचं लोन केव्हाच फिटलंय, हॉस्पिटलच्या फेऱ्या तिच्यातूनच चालू होत्या. राज्याचा टेंपररी डिसॅबिलिटीचा पैसा मिळतो, पगाराच्या ८५ टक्के वगैरे लिहिलेलं असतं, पण त्याला वरची मर्यादा आहे त्यामुळे आयटीवाल्याच्या हातात त्यापेक्षा बरंच कमी पडतं, आणि तेही जास्तीत जास्त २६ आठवडे.

दीर पुण्याहून म्हणाले, "वहिनी, गाडी कंपनीचीच आहे ना, मग चावी देऊन मोकळ्या व्हा, त्याला काय एवढं." त्यांच्या डोक्यात आपल्याकडचा ११ महिन्यांचा भाडेकरार, एक महिन्याची नोटीस दिली की सुटलो. इथे तसं नसतं हो. लीजच्या कागदात एक चौकट असते, ती छापणं फेडरल नियमाने सक्तीचं आहे, की लीज लवकर संपवलीत तर मोठा चार्ज लागू शकतो, तो अनेक हजार डॉलर असू शकतो आणि जितक्या लवकर सोडाल तितका जास्त. १९७६ चा कन्झ्युमर लीजिंग ॲक्ट म्हणतो की हा चार्ज वाजवी पाहिजे, पण आजारी माणसाला तो माफ करा असं कुठेच म्हणत नाही. सैन्यातल्या माणसाची १८० दिवस किंवा जास्त दिवसांसाठी बाहेर पोस्टिंग झाली तर त्याला गाडीची लीज मोडायचा हक्क आहे. कॅन्सर झालेल्या साध्या माणसाला असा काही हक्क नाही. मला याचा भयंकर राग आला होता, अजून येतो. गॅप इन्शुरन्स (गाडीची किंमत आणि कंपनीचं येणं यातला फरक भरणारा विमा) आहे ना, असंही एकाने विचारलं, पण तो गाडी चोरीला गेली किंवा ॲक्सिडेंटमध्ये टोटल झाली तरच कामाचा, माणसाला काय झालंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

मग राग बाजूला ठेवून आकडे मागितले. खरं तर आकडे दोनच लागतात. एक पेऑफ, म्हणजे उरलेले हप्ते आणि शेवटची रेसिड्युअल किंमत (लीज संपताना गाडीची जी किंमत करारात धरलेली असते ती) मिळून कंपनीचं जे काही येणं निघतं ते (पुढच्या महिन्यांचं व्याज त्यातून वजा होतं), आणि दुसरा म्हणजे आज गाडी विकली तर काय येईल तो. समजा पेऑफ ३१ हजार आणि गाडीला २८ येतायत, तर मधले ३ हजार तुमच्या खिशातून. नव्या गाडीची किंमत सुरुवातीला धडाधड उतरते आणि हप्ते मात्र सगळे सारखे, म्हणून पहिल्या दीडेक वर्षात हा खड्डा सगळ्यात मोठा असतो, आणि आम्ही नेमके तिथेच होतो.

फोनवर पहिली अडचण म्हणजे लीज एकट्या नवऱ्याच्या नावावर. माझ्याशी बोलायलाच तयार नाहीत. तो शेजारी पडून आहे, औषधांनी ग्लानीत आहे, आणि पलीकडची बाई म्हणतेय त्यांनाच जन्मतारीख सांगू दे. शेवटी ऑथोरायझेशनच्या फॉर्मवर त्याची सही घेतली आणि त्याच आठवड्यात पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) पण करून घेतली, कारण ती माणूस शुद्धीत असतानाच करता येते. बाकी काही नाही केलंत तरी हे करा, आणि नवरा ठणठणीत असतानाच करा.

साध्या कस्टमर सर्व्हिसला काही अधिकार नसतात, हार्डशिपचं, म्हणजे अडचणीतल्या गिऱ्हाइकांचं, कोण बघतं ते विचारून तिकडे जायचं, आणि हप्ता चुकायच्या आधी जायचं, नंतर आवाज बदलतो त्यांचा. डॉक्टरचं पत्र मागितलं, त्यात फक्त 'वैद्यकीय कारणाने गाडी चालवू शकत नाहीत' एवढंच लिहून घेतलं, एमआरआय-बिमआरआय काही पाठवला नाही, त्यांना कशाला हवाय. दोन हप्ते मिळाले पुढे ढकलून. माफ नव्हे, ढकलून. पण तेवढा श्वास पुरला.

लीज दुसऱ्याच्या नावावर करून द्यायची सोय होती, त्यासाठी वेबसाइटीच आहेत, पण आमच्या करारात नवीन माणसाने हप्ते थकवले तर जबाबदारी आमच्यावरच राहणार होती, म्हणून नको म्हटलं. ज्यांच्या करारात ती अट नाही त्यांनी हाच रस्ता आधी बघावा. स्वतः विकत घेऊन विकायची तर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स. बाहेरच्या डीलरला विकायला कंपनीची बंदी, हल्ली बऱ्याच कंपन्या हेच करतात. आणि नुसतीच नेऊन सोडली तर ते व्हॉलंटरी सरेंडर, क्रेडिट रिपोर्टवर ७ वर्षं बसतं, आणि गाडी लिलावात जे येईल त्याला विकून उरलेलं बिल वर घरी येतं ते वेगळंच.

राहिले त्याच ब्रँडचे डीलर. पहिल्याने तोंड वाकडं करून इतका कमी भाव सांगितला की मी उठलेच. दुसऱ्या गावातल्या डीलरला सेकंडहँड स्टॉक हवाच होता, त्याने बराच बरा दिला, तरी वरचे हजारेक डॉलर आम्हाला घालावे लागले. आणि गाडी परत न करता डीलरनेच विकत घेतली म्हणून शेवटची डिस्पोझिशन फी (गाडी परत करताना कंपनी लावते ती) पण लागली नाही, हे मी फोनवर दोनदा वदवून घेतली आणि मग ईमेलवर मागितली.

गाडी दिल्यावर नंबरप्लेट काढून घ्यायच्या, त्या एमव्हीसीला जमा करून पावती घ्यायची आणि मगच इन्शुरन्स बंद करायचा, हा क्रम न्यू जर्सीत उलटा करू नका. ई-झेडपासचा (टोलचा) टॅग काचेवरून काढा आणि अकाउंटमधून तो प्लेट नंबर पण उडवा. आणि लीज घेताना फायनान्सवाल्याने गळ्यात मारलेलं टायर-व्हील प्रोटेक्शन वगैरे असेल तर ते कॅन्सल करायचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात. आमचा अर्ज गेलाय, चेक अजून यायचाय.