सरखेल कान्होजी आंग्र्यांची समाधी आणि कुलाबा किल्ला: आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

अलिबागची छत्रीबाग, म्हणजे मराठा आरमाराचे प्रमुख (सरखेल) कान्होजींची समाधी, भर गावात आहे. किल्ल्यात मात्र समुद्र वाट देईल तेव्हाच चालत जाता येतं. त्यामुळे दिवस किल्ल्याच्या वेळेनं आखायचा.

भरती काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास पूर्ण सुकती, अर्थात ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, म्हणून त्या दिवसाचं भरतीचं कोष्टकही बघाच. पौर्णिमा-अमावास्येला पाणी लांब हटतं, पण सुकती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीला ती भर दुपारी बाराला येते, पण ते भांगाचे दिवस. पाणी पुरतं ओसरत नाही. शुद्ध असो वा वद्य, तृतीया ते पंचमी बरी.

सुकतीच्या तासभर आधी निघा, नंतर तासाभरात परत फिरा. घोडागाडी मिळते, पण परतीची वेळ आणि भाडं आधीच ठरवा. मधला तळ खडकाळ, शेवाळलेला. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) धारेनं तळवे कापतात, तेव्हा पट्ट्याच्या सँडल घाला. साध्या चपला चिखलात राहतात. चुकतं ते परतताना: भरती दोन्ही अंगांनी वळसा घालून येते, त्यामुळे पायाखालचं कोरडं दिसतं आणि पुढची वाट भरलेली असते.

आत पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. तटाचे चिरे जवळून पाहा: मोठाले दगड चुन्याशिवाय नुसते रचलेत, लाटेचं पाणी फटींत जिरतं आणि मार कमी बसतो. गणेश पंचायतनाचं मंदिर राघोजी आंग्र्यांच्या काळचं, 1759चं. उत्तरेकडच्या चाकांवरच्या दोन तोफांशी ‘कान्होजींच्या तोफा’ म्हणून फोटो निघतात. त्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यातल्या, 1849च्या. कान्होजी वारले 1729 साली!

समाधी दुपारनंतर ठेवा. आंग्रे घराण्यातल्या इतर समाध्याही त्याच आवारात आहेत, घाई नको.

स्मृतिदिन 4 जुलैचा, ऐन पावसाळ्यातला. तेव्हा गेटवे–मांडवा लाँच बंद असतात. पेण-वडखळमार्गे एसटीनं या आणि फक्त समाधी करा, किल्ला नको.

मुंबईतला कान्होजींचा पुतळा नौदलाच्या आवारात आहे, तिथे सहज प्रवेश नाही.