तेलकट आणि मेणचट

केसांच्या तक्रारीसाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत, आणि आपण ते खुशाल एकमेकांच्या जागी वापरतो. तेलकट म्हणजे ज्याचं तेल दिसतं, हाताला लागतं, उशीच्या अभ्र्यावर उतरतं. मेणचट त्याहून वेगळं. मेणचट केस नळाखाली धरले तरी लवकर भिजत नाहीत, वाळले तरी मोकळे होत नाहीत. डोकं कालच धुतलेलं असतं, तरी चार दिवसांचं दिसतं. तेलकट केस धुतले की सुटतात. मेणचट केस रोजच्या शाम्पूने तीनदा धुतले तरी तसेच राहतात, कारण ते मेण पुष्कळदा कंडिशनर-सीरमच्या बाटल्यांमधूनच आलेलं असतं.

ओळखायला टिश्यूपेपरचा तुकडा पुरतो. भांगावर दाबून धरायचा. वडापावच्या कागदासारखा आरपार डाग पडला तर तेल. कागद जवळजवळ कोरडा, पण टाळूवरून नख हलकेच फिरवल्यावर नखात पांढुरका लगदा येतो, तर ती पुटं.

तेलाचं गणित सोपं आहे. टाळूतल्या तैलग्रंथी हार्मोन्सच्या सांगण्यावरून चालतात. वर डोकं धुतल्याची बातमी त्यांना पोचत नाही, त्यामुळे ‘रोज धुतलं की जास्त तेल सुटतं’ ही समजूत सोडून द्यावी. सरळ केसांवरून तेल सरसर खाली उतरतं, कुरळ्यांत वळणावळणाला अडतं, म्हणून सरळ केस आधी चप्प दिसतात. ज्याला रोज धुवावंसं वाटतं त्याने सौम्य शाम्पूने खुशाल धुवावं.

धुण्यात मात्र चुका होतात. पहिली चूक म्हणजे शाम्पूचा गोळा थेट टाळूच्या मधोमध थापणं. दहाच्या नाण्याएवढा शाम्पू अर्ध्या मग कोमट पाण्यात ढवळून घ्यावा आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, फक्त टाळूला लावावा. मानेवरची केसांची रेघ आणि कानांमागची जागा हमखास सुटते. पहिल्या खेपेला फेस येत नाही. तेल फेस मारतं, शाम्पू कमी पडलेला नसतो. इथेच लोक आणखी दोन गोळे ओततात. त्याऐवजी पाणी ओतून मोकळं व्हावं आणि निम्म्या शाम्पूची दुसरी खेप करावी. तिला फेस आपोआप येतो. मग चांगली दोन-तीन मिनिटं खळखळून धुवायचं. घाईत राहून गेलेला शाम्पू हेही एक पुटच. डोक्यावर तेल थापलेलं असेल, तर पातळ केलेला शाम्पू पाण्याआधी, कोरड्या केसांवरच चोळावा. आधी पाणी ओतलं की ते तेलावरून घरंगळून जातं.

(गंमत अशी, की शाम्पू हा शब्द दाबणं-चेपणं या अर्थाच्या हिंदी ‘चांपना’वरून इंग्रजीत गेला. पाटण्याच्या शेख दीन महंमदांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनमध्ये हमामखाना काढला, तेव्हा तिथल्या ‘शाम्पूइंग’चा अर्थ मालिश असा होता. म्हणजे चंपीचंच नाव पुढे चंपीचं तेल काढणाऱ्या बाटलीला मिळालं.)

आता मेणचटपणा. सीरम आणि बरेचसे कंडिशनर यांत सिलिकोन असतं. बाटलीमागच्या यादीत डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन अशी ‘कोन’ने संपणारी नावं वाचावीत. केस चमकतात, गुंता होत नाही, सगळं खरं. पण यातली बरीचशी पाण्यात विरघळत नाहीत. सौम्य शाम्पू त्यांना पुरता उतरवत नाही आणि थरावर थर चढतो. यावर क्लॅरिफायिंग शाम्पू, म्हणजे साचलेले थर उतरवणारा जोरकस शाम्पू, पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एकदा. त्याहून जास्त केला तर केस राठ होतात आणि लावलेला रंगही लवकर उतरतो. कंडिशनर कानांच्या खालच्या केसांनाच लावावा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या वेणीचं टोक अडीच वर्षं जुनं असतं. कोरडं पडलेलं असतं ते टोक, टाळू नव्हे. पाण्याशिवाय मारायच्या ड्राय शाम्पूतला स्टार्च तेल शोषतो, काढत नाही. दोन दिवस लागोपाठ मारला की भांगात पीठ साठतं.

तिसरा आरोपी पाणी. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका करतं. बादलीच्या कडेला जमतो तोच केसांवरही बसतो. म्हणून शिकेकाई आणि ‘शिकेकाई साबण’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा आधी साबण आहे, शिकेकाई त्यात नावापुरती. खऱ्या शिकेकाईचा फेस तिच्यातल्या सॅपोनिन या नैसर्गिक द्रव्याचा. तो जड पाण्यात साका करत नाही. तीन चमचे पूड तीन कप पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी दहा मिनिटं उकळावी आणि फडक्यातून दोनदा गाळावी. गाळायचा कंटाळा केला तर चुरा केसांत अडकतो आणि नंतर तोच कोंडा समजून लोक हवालदिल होतात.

क्षारांचा थर उतरवायला एक मोठा चमचा व्हिनेगर लिटरभर पाण्यात घालून शेवटून दुसरं पाणी करावं, वरून साधं पाणी. लिंबूही चालतं, पण ते त्वचेवर ठेवून उन्हात गेल्यास डाग पडतात. खाण्याच्या सोड्याच्या वाटेला जाऊ नये: तो अल्कधर्मी, केसांवरची खवलं उचकटतो. पिवळट चिकट खपल्या आणि लाली असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्वचातज्ज्ञाकडे जावं.

आणि एवढं करून केस विंचरायला घ्यायची ती फणी? दातांच्या मुळाशी महिन्याभराचं तेल, सीरम आणि धूळ. कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून ती वीस मिनिटं बुडवावी, जुन्या टूथब्रशने दातांमध्ये घासावी. उतरलेल्या पाण्याचा रंग बघण्यासारखा असतो.