पाणी नसलेल्या शहराची कादंबरी

२८ मे, रात्री

आज ती कादंबरी संपवली एकदाची. बारा दिवस लागले. मेच्या कडक उन्हात दुपारी घराबाहेर पडता येत नाही, म्हणून मुद्दाम राखून ठेवली होती. विषयही तसाच. पाणी आटलेलं भविष्यातलं शहर, विहिरींवर पहारा, माणशी रोजचं माप ठरलेलं. नागपूरला पाणी पुरवणाऱ्या तोतलाडोह धरणात किती साठा उरला हे पेपरात आधी बघणारं आमचं घर. मी किती आशेने उघडलं होतं हे पुस्तक!

दीडशे पानं झाली तरी त्यात कुणी पाणीच भरलं नाही. नायक खिडकीत उभा राहतो, धूळ बघतो, आई आठवते. पुन्हा खिडकी.

संथ लिहिण्याबद्दल माझी तक्रार नाही. ऑर्वेलची १९४९ सालची '१९८४' तरी कुठे धावते? मधे पुस्तकातल्या पुस्तकाची पानंच्या पानं येतात. पण पहिल्याच प्रकरणात नायक विन्स्टन घराघरात पाळत ठेवणाऱ्या टेलिस्क्रीनच्या नजरेआड कोनाड्यात बसतो, टाक हातात घेतो आणि रोजनिशीत तारीख घालतो. सापडला तर मरण, नाहीतर निदान २५ वर्षं सक्तमजुरी. तेवढं कळलं की एकेका अक्षरापाशी जीव अडकतो, मग पान कितीही हळू सरको.

आमची आई पहाटे पाचला नळाशी असते. धार बारीक असली की पाण्याचा गुंड तिरपा लावते, तोंडावर फडकं. शेजारी कुणी टुल्लू पंप सुरू केला की धार तुटते. पंपाचा आवाज ऐकायच्या आधी तिला ते कळतं. आज दुपारी कूलरमध्ये बादली ओतता ओतता थांबली. "दोन बादल्या गेल्या ना गं याच्यात." मग तिसरी तशीच उचलून मोरीत नेऊन ठेवली. कूलर तासाभराने कोरडा पडला, खसच्या ताट्यांतून गरम हवा यायला लागली. कुणी काही बोललं नाही. कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला नाहीच, हे घरातलं एक माणूस रोज ठरवतं. मला त्या शहरात हेच बघायचं होतं. माप सरकारने ठरवलं. पण घरात ते वाटलं कुणी?

एका ठिकाणी मात्र मी उठून बसले. एक लहान मुलगी आजारी आजोबांच्या कपाळावरची ओली पट्टी वाटीत पिळते आणि ती वाटी भावाला देते. चारच ओळी. तिथे पेन्सिलीने खूण केली आहे. पुढच्या प्रकरणात पुन्हा खिडकी, आणि त्या मुलीचं काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही.