चार्टवरचे परेरा

टीसीची नोकरी करणाऱ्याला आडनावांचा नाद लागतोच. हातात चार्ट, समोर अर्धवट झोपेतून उठवलेला प्रवासी आणि आपल्या तोंडी त्याचं नाव. त्यातून नागपूर म्हणजे दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन वाटांचा चौक. देशातलं कुठलंही आडनाव कधी ना कधी आमच्या पेनाखालून जायचंच. मेश्राम, मुखर्जी, मिश्रा, मुदलियार, आणि मधूनच एखादा परेरा. माझंही आडनाव तेच. कोटावरची पाटी वाचून समोरचा परेरा जरा सावरून बसायचा आणि विचारायचा, "सर, आप किधर के?" डबा तपासून झाला की मी त्याच्या बर्थवर टेकायचो. बरोबरचे टीसी तर मुद्दाम येऊन सांगायचे, "परेरा, जा बे, एस-५ मध्ये तुझे सोयरे बसून आहेत."

नागपुरात लोक मला आधी गोव्याचा समजतात, मग केरळचा. आम्ही वसईचे. आजोबा जीआयपी रेल्वेत फायरमन म्हणून इकडे आले, अजनीच्या क्वार्टरात राहिले आणि इथलेच झाले. घरात आजी वसईची बोली बोलायची, बाहेर आम्ही पोरं शुद्ध नागपुरी. पोर्तुगीज भाषा घरात कुणालाच येत नव्हती. पाव, चावी, बटाटा एवढीच, म्हणजे तुम्हाला येते तेवढीच.

मग नाव पोर्तुगीज कसं? गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत तिथल्या सामवेदी ब्राह्मण, भंडारी, कोळी अशा अनेक घरांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्याला धर्मपिता लागतो. तो बहुतेक वेळा एखादा पोर्तुगीज अधिकारी किंवा जमीनदार असायचा, नाहीतर पाद्री स्वतःच. त्याचं आडनाव नव्या ख्रिस्ती घराला मिळायचं. एका दिवशी एकाच धर्मपित्यासमोर वाडीच्या वाडी उभी राहिली, की सगळ्यांचं आडनाव एक. आणि सख्खे भाऊ वेगवेगळ्या वेळी गेले, तर एक परेरा, दुसरा लोपीस. गोव्यातही हेच, मंगळुरातही हेच. म्हणून वसईत आडनावावरून माणूस सापडत नाही. आळी सांगावी लागते, नाहीतर घराचं टोपणनाव. आमच्या घराला विहिरीवाले म्हणतात. नागपुरात जन्म गेला तरी वसईला गेल्यावर मी विहिरीवाल्यांचा नातू.

खुद्द पोर्तुगालात हे नाव गावावरून पडलं. पेरेरा म्हणजे नाशपातीचं झाड, आणि त्या झाडावरून नाव पडलेली गावं उत्तर पोर्तुगालात बरीच. आपल्याकडे पिंपळगावचा पिंपळगावकर होतो, तसा हा मामला. त्यातल्या एका घराण्याचं नशीब मात्र उघडलं. नुनो आल्वारेस परेरा (१३६०–१४३१) हा त्या घराण्यातला. १३८५ साली अल्जुबारोताच्या लढाईत त्यानं आपल्यापेक्षा मोठ्या कॅस्टिलियन, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याच्या, फौजेला धूळ चारली आणि पोर्तुगालचं स्वातंत्र्य राखलं. म्हातारपणी सगळं सोडून तो स्वतःच बांधलेल्या लिस्बनच्या कार्मेलाइट मठात साधा बंधू म्हणून राहिला. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संत जाहीर केलं. त्याची मुलगी पहिल्या ब्रागान्सा ड्यूकला दिली होती, आणि १६४० ते १९१० पोर्तुगालच्या गादीवर याच ब्रागान्सा घराण्याचे राजे बसले.

हे वाचून माझ्या कॅनडातल्या पुतण्याची छाती फुगली. त्यानं एका दुकानातून मला नाताळची भेट पाठवली: चहाचा मग, त्यावर लाल ढाल, ढालीवर आतून पोकळ असा पांढरा क्रॉस, टोकं फुलासारखी उमललेली, आणि खाली मोठ्या अक्षरांत परेरा कुटुंब. ढाल खरी आहे, त्या नुनोच्या घराण्याचीच. पण असली चिन्हं वंशाची असतात, आडनावाची नसतात. आमचा मूळपुरुष अल्जुबारोताला नव्हता. तो बहुधा वसईच्या केळीच्या वाडीत पाणी शिंपत होता. पुतण्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "काका, तुम्ही फार खडूस आहात." चहाचा मग चांगला आहे, जाड आहे, चहा लवकर थंड होत नाही. पण मुळं शोधून देतो म्हणणारी, रक्ताचं नातं तपासायला थुंकी मागवणारी आणि ढाली विकणारी ही सगळी दुकानदारी मला पटत नाही. हे आडनाव जगभर पसरलं ते रक्तानं थोडं, बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जास्त.

आमच्या ग्रुपवर दुसरा एक मेसेज फिरतो: झाडाचं आडनाव म्हणजे मूळचे ज्यू. परेरा, ऑलिव्हेरा, पिन्येरो, सगळे म्हणे लपलेले ज्यू. ही थाप आहे, पण तिच्या पोटात एक खरी गोष्ट आहे. १४९७ मध्ये राजा मानुएलनं पोर्तुगालच्या ज्यूंना सक्तीनं ख्रिस्ती केलं. त्यांनाही नवी नावं घ्यावी लागली, आणि त्यांनी देशात आधीपासून चालत असलेलीच नावं घेतली. म्हणजे काही ज्यू परेरा झाले, पण म्हणून सगळे परेरा ज्यू होत नाहीत. वसईत जे व्हायचं होतं, त्याची तालीम लिस्बनला चाळीस वर्षं आधी झाली होती म्हणा ना.

त्यातले बरेच पुढे इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, धाकानं पळाले. अॅमस्टरडॅमला गेले, लंडनला गेले, फ्रान्समधल्या बोर्दोला गेले. बोर्दोवाल्यांची गोष्ट मी रेल्वेवाला म्हणून विशेष चवीनं सांगतो. जाकोब रोद्रिगेस परेरा अठराव्या शतकात तिथे आला आणि जन्मापासून मुक्या-बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला. त्याच्या एका विद्यार्थ्याला त्यानं फ्रान्सच्या राजासमोर उभं करून बोलून दाखवायला लावलं होतं. त्याचे नातू एमिल आणि इझाक. फ्रेंच जिभेवर परेराचं पेरेर झालं. या दोघा भावांनी पॅरिस ते सँ-जर्मँ ही प्रवासी रेल्वे १८३७ साली सुरू केली. आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ची, आणि नागपूरला गाडी पोचली ती १८६७ मध्ये. पुढे १८५२ मध्ये त्यांनी क्रेदी मोबिलिए नावाची बँक काढली आणि तिच्या पैशातून ऑस्ट्रिया, स्पेनपर्यंत रूळ टाकले. १८६७ला ती बँक गोत्यात आली, पण रूळ राहिले. पॅरिसमध्ये आजही पेरेर नावाचा बुलेव्हार आहे, स्टेशन आहे. रेल्वेत सगळी हयात घालवलेल्या आमच्या घराला कुणाची ढाल लावायचीच झाली, तर या दोघांची लावा म्हणतो मी. नातं काडीचं नाही, पण धंदा तरी एक आहे.

केरला एक्सप्रेसला भेटणारे परेरा वेगळे. तिरुअनंतपुरम, कोल्लमच्या किनाऱ्यावरचे लॅटिन कॅथलिक, काही पलीकडच्या तमिळ किनाऱ्यावरच्या तुतिकोरीनकडचे. तिकडच्या मोती काढणाऱ्या परवर लोकांनी १५३०च्या दशकात स्वतः माणसं कोचीला पाठवून पोर्तुगीजांकडे संरक्षण मागितलं, आणि बदल्यात बाप्तिस्मा घेतला. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये तिकडे पोचला तेव्हा हे लोक आधीच ख्रिस्ती होते, शिकवणारं कुणी नव्हतं एवढंच. त्यांच्यात फर्नांडो फार, पण परेराही पुष्कळ. असाच एक दर्यावर्दी परेरा मला दुपारच्या वेळी डब्यात भेटला. त्याला हिंदी येत नव्हतं, मला मल्याळम नाही. पाटीवर बोट ठेवून तो मनापासून हसला आणि पिशवीतून सुक्या माशाचा पुडा काढून माझ्या हातात कोंबला. एसी डब्यात. पुढचा सगळा वेळ मला त्या वासाची सफाई द्यावी लागली.

पण सगळ्यात गंमत श्रीलंकेची. तिथे हेच नाव परेरा असंच म्हणतात, स्पेलिंग मात्र आखूड, आणि ते तिथलं अगदी रोजचं, गल्लीबोळातलं आडनाव. २०१७च्या नोव्हेंबरात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर श्रीलंकेची टेस्ट होती. कोहली २१३ वर खेळत होता आणि त्याची विकेट काढली दिलरुवान परेरानं. मी स्टँडमध्ये उभा राहून टाळ्या वाजवल्या, तर मागून आवाज आला, "काहून जी, तिकडचे का तुम्ही?" भारत एक डाव आणि २३९ धावांनी जिंकला, त्यामुळे मला माफी मिळाली. या दिलरुवानचं पूर्ण नाव महावडुगे दिलरुवान कमलनेथ परेरा. पुढे सिंहली घराचं नाव, शेवटी पोर्तुगीज. आमच्या विहिरीवाल्यांसारखंच, फक्त त्यांनी ते कागदावर टिकवलं.

पोर्तुगीज १५०५ला तिकडे उतरले, कोट्टेच्या राजा धर्मपालाचा १५५७ मध्ये बाप्तिस्मा केला, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी डॉन, परेरा, फर्नांडो, सिल्वा अशी नावं घेतली. १६५८ला डचांनी पोर्तुगीजांना घालवलं. नंतर कुणी कॅथलिक राहिले, कुणी डचांच्या पंथात गेले, आणि कितीतरी परत बौद्ध झाले. नाव मात्र कुणी सोडलं नाही. तोवर ते अब्रूचं, जमिनीच्या कागदाचं नाव झालं होतं.

हे मला पुस्तकातून कळलं, पण पटलं ते दीक्षाभूमीवर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या शेजारचे गजभिये भोजनदानाचा स्टॉल लावतात आणि मी तिथे भात वाढायला असतो. एका वर्षी श्रीलंकेहून आलेल्या उपासकांचा जथा होता, सगळे पांढऱ्या कपड्यांत. एकाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर परेरा. मी माझं आधार कार्ड काढून दाखवलं. तो चक्रावला. मी ख्रिस्ती, तो बौद्ध, आडनाव एक, आणि दोघांच्याही घरात पोर्तुगीज कुणी नाही. गजभियेकाकू डाळीचा डाव हातात धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या बुढ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली जी. धर्म बदलला, पण गजभियेचे गजभियेच राहिलो. तुमचं धर्म बदलला तर नाव बदललं, आणि ह्या भाऊंचं धर्म वापस आला तर नाव वापस नाही आलं. काही समजूनच नाही राहिलं." चारशे वर्षांचा इतिहास बाईनं डाळ वाढता वाढता सांगून टाकला. लंकेच्या परेरांनी दोनदा भात घेतला. तिखट डाळीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

बाकीच्या जगाचं थोडक्यात. ब्राझीलमध्ये परेरा हे पहिल्या दहा आडनावांतलं. तिथे वसाहतवाले गेले हे खरंच, पण आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांनाही बाप्तिस्म्यात नाहीतर मालकाकडून हीच नावं मिळाली. ब्राझीलनं गुलामगिरी १८८८ मध्ये संपवली तेव्हा ती नावं त्यांच्याबरोबर राहिली. आफ्रिकेजवळचा केप व्हर्ड हा बेटांचा देश स्वतंत्र झाला तेव्हाचा, १९७५चा, पहिला राष्ट्राध्यक्ष आरिस्तिदेस परेरा. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे गरीब शेतकरी १८३५ पासून दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात आणि १८७८ पासून हवाईत उसाच्या मळ्यांवर गेले. गयानात ते आपल्या गिरमिटियांच्या तीन वर्षं आधी पोचले होते. आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, देवमासे मारणाऱ्या जहाजांवरून उतरलेल्या, पोर्तुगालच्याच अझोर्स बेटांवरच्या कितीतरी परेरांचं पेरी झालं. ते आता चार्टवर ओळखू यायचे नाहीत.

तीच अझोर्सची माणसं १९५३ पासून कॅनडात येऊ लागली, आणि टोरांटोकडे त्यांची मोठी वस्ती आहे. आमच्या पुतण्याच्या इमारतीत तळमजल्यावर एक म्हातारे परेरा राहतात. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "कोणत्या बेटावरचे?" त्यांच्या लेखी परेरा म्हणजे नऊ बेटांपैकी कुठल्या तरी एकावरचा. यानं सांगितलं वसई. म्हातारबुवांनी बराच विचार केला आणि ते बेट आपण पाहिलेलं नाही म्हणाले. आता दोघांची पार्सलं सारखी अदलाबदल होतात. मागच्या महिन्यात मी पाठवलेला हल्दीरामच्या संत्रा बर्फीचा डबा खाली गेला, आणि तो उघडून निम्मा संपवल्यावरच म्हाताऱ्यानं वर आणून दिला. उरलेली चविष्ट होती म्हणे.