फ्लॅट बघायला निघण्याआधी

पुण्यात सध्या फ्लॅट शोधतोय आणि माझं एक मत पक्कं होत चाललंय, निम्मे फ्लॅट घरबसल्याच बाद करता येतात. एकदा का आठव्या मजल्याच्या बाल्कनीत वारं खात उभं राहिलं की डोकं चालायचं बंद होतं, सेल्सवाल्यालाही हे माहीत असतं म्हणून तो आधी तिथेच नेतो.

तर पहिले पैसे. ८० लाखांचा फ्लॅट ८० लाखांत पडत नाही हो. स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार आणि बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे अजून ४ लाख. (नुसत्या बायकोच्या नावावर घेतला तर ड्युटीत १ टक्का सुटतो, जॉइंट नावावर नाही. आमच्याकडे यावर चर्चा चालू आहे, म्हणजे निर्णय झालाय, मला कळायचा बाकी आहे.)

मग महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्ट शोधायचा. ताबा कधीचा, मुदत वाढवून घेतलीय का, कोर्टकेस आहे का, ते तिथे दिसतं. कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, पण तिथलाच धरायचा, ब्रोकर लोक फोनवर अजून सेलेबलच (जिना, लॉबीचा वाटा धरून फुगवलेला आकडा) सांगतात.

जाताना टेप खिशात. सॅम्पल फ्लॅट ऐसपैस वाटतो कारण आतल्या खोल्यांना बऱ्याचदा दारंच लावलेली नसतात, आणि बेडसुद्धा कधीकधी मुद्दाम छोटा करून घेतलेला असतो. बेडरूम १० फूट, आपला बेड साडेसहा फूट लांब, समोर कपाट २ फूट, उरले दीड फूट. त्यात कपाटाचं दार उघडून दाखवा!

रिसेल असेल तर ओसी (इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला), इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचे फोटो आधीच व्हॉट्सॲपवर मागवायचे, "या तर खरं, मग दाखवतो" म्हणणाऱ्याकडे आम्ही जातच नाही.

राहिलं पाणी. "कॉर्पोरेशनचं पाणी येणारे साहेब", यातला 'येणारे' किती वर्षांचा ते देव जाणे. सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल मागा आणि टँकरवर महिन्याला किती जातात ते सरळ विचारा. मी वॉचमनलाही विचारतो, पण बायकोचं म्हणणं तिथे कामाला येणाऱ्या मावशींना गाठावं, कुठल्या मजल्यावर नळाला प्रेशर नसतं ते त्यांना पाठ असतं.