एक, पाच, सात, पाच

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. परवा स्वेटर शोधताना तो लेकीच्या नजरेला पडला.

"बाबा, हे कुणाचे मार्क?"

"एका मास्तरांचे."

"एक, पाच, सात, पाच?" ती वाचत गेली तसा तिचा चेहरा उजळत गेला. "मास्तरांना एक मार्क?"

गणिताच्या चाचणीपासून घरात साचलेलं मळभ त्या आकड्यानं एका क्षणात उडालं, म्हणून मी पुढं काही बोललो नाही. खुलासा इथं करतो.

तो कागद एका पिठाच्या गिरणीतल्या नोंदवहीचा आहे. डाव्या रकान्यात साल, उजव्या रकान्यात त्या साली जिंकलेले सामने. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीचा फुटबॉल संघ आणि त्याचा कोच बिल स्नायडर यांचा हा हिशेब. २०१२ पर्यंतचे आकडे एका वयस्क मिलरनं, म्हणजे गिरणीवाल्यानं, पेन्सिलीनं लिहिलेले, पुढचे सहा मी बॉलपेननं. पेन्सिलीचे अजून स्वच्छ दिसतात, माझी शाई मात्र फाकली.

आमची मिरजेला गिरणी. दळणाचं शास्त्र शिकायला मी अमेरिकेला निघालो तेव्हा आप्पा म्हणाले, "पीठ दळायला शिकायला विमानानं जायचं व्हय?" पण मॅनहॅटनला चाललोय म्हटल्यावर भावकीत वजन वाढलं. हे मॅनहॅटन न्यूयॉर्कचं नाही, कॅन्ससचं. चहूकडं गवताच्या टेकड्या आणि त्यापलीकडं गहू, हे मी जाईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. न्यूयॉर्क 'बिग ॲपल', म्हणून तिथले लोक स्वतःच आपल्या गावाला 'लिटल ॲपल' म्हणतात. सगळ्या अमेरिकेत मिलिंग सायन्सची पदवी देणारं विद्यापीठ हेच, त्यामुळे आप्पांच्या प्रश्नाला उत्तर होतं, फक्त ते द्यायची हिंमत नव्हती.

विद्यापीठाची स्वतःची गिरणी आहे. रोलर, चाळण्या, कोंडा वेगळा, मैदा वेगळा. तिथं हे मिलर. रोलरमधली फट कानानं ऐकून सांगायचे. माझ्या पहिल्याच सप्टेंबरात त्यांनी विचारलं, शनिवारी काय करतोस? बायकोचे गुडघे स्टेडियमच्या पायऱ्या चढायला आता तयार नाहीत, तिची सीट रिकामी असते. फुकट म्हटल्यावर मी गेलो.

त्यांचा फुटबॉल नावालाच पायाचा. चेंडू हातात धरून पळायचं किंवा फेकायचा. कबड्डी पाहिलेल्या माणसाला तो लवकर कळतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याच्या हवाली. स्टेडियम ५० हजारांचं. गावाची वस्ती साधारण तेवढीच. एक म्हातारा जांभळ्या जाकिटात मैदानाच्या कडेला उभा, हसत नाही, ओरडत नाही, कागदावर काहीतरी टिपतोय. मला वाटलं, हिशेबनीस असेल. मिलर म्हणाले, हाच तो स्नायडर. स्टेडियमला नाव याचंच आहे. खरं तर याच्या कुटुंबाचं. मोठ्या रस्त्यावरून गावात येणारा हायवेसुद्धा याच्याच नावाचा. माणूस समोर चालता-बोलता असताना त्याच्या नावाच्या रस्त्यावरून त्याच्या नावाच्या मैदानात यायचं! आपल्याकडं निदान वाट तरी बघतात.

आता तो 'एक'.

स्नायडर येण्यापूर्वीच्या ९३ वर्षांत हा संघ २९९ सामने जिंकला होता आणि ५१० हरला होता. हंगामानंतर चांगल्या संघांना बोल सामन्यांचं बोलावणं येतं. ते यांना इतक्या वर्षांत एकदाच आलं, १९८२ साली, आणि तिथंही हरले. १९८७ आणि १९८८ या दोन हंगामांत एकही विजय नाही. एक सामना बरोबरीत सुटला, तो शेजारच्या कॅन्सस विद्यापीठाशी, कारण त्या साली तेही तितकेच गयेगुजरे होते. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'नं १९८९ साली या संघावर मोठा लेख छापला आणि त्यात विद्यापीठाचं बारसंच केलं: 'फ्युटिलिटी यू'. म्हणजे व्यर्थ विद्यापीठ. आपल्या गावचं नाव देशभरच्या मासिकात यावं आणि ते असं.

स्नायडर तेव्हा आयोवा विद्यापीठात आक्रमणाचे प्रशिक्षक होते, वय ४९. चांगली चाललेली नोकरी सोडून ते इथं आले. पहिले तीन सामने हरले. ३० सप्टेंबर १९८९ ला नॉर्थ टेक्सासशी सामना. शेवटच्या खेळीवर क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्यानं, चेंडू फेकला, तो गोलरेषेच्या आत पकडला गेला, २०-१७. सलग ३० सामन्यांत न मिळालेला विजय मिळाला. त्या हंगामातला तो एकच. बाकी दहा हरले.

कागदावर त्या एकाभोवती पेन्सिलीचा गोल आहे. पुन्हा पुन्हा फिरवून कागद तिथं चकाकतो.

पुढच्या वर्षी पाच. ११ पैकी पाच जिंकले, म्हणजे अर्ध्याहून कमीच, पण गावात दिवाळी. १९९१ ला सात. मग परत पाच. मग नऊ, आणि पहिला बोल विजय, वायोमिंगवर ५२-१७. तिथून आकडे वाचायला मजा येते: नऊ, दहा, नऊ, ११, ११, ११, ११. सलग चार हंगाम ११. उसाच्या टनेजचा आकडा सांगताना शेतकऱ्याचा आवाज लागतो तसा मिलरचा इथं लागायचा.

हे झालं कसं, याचं उत्तर मला त्यांच्याकडून कधी एका वाक्यात मिळालं नाही. गोष्टी सुट्या सुट्या यायच्या. स्नायडर दिवसातून एकदाच जेवायचे, तेही रात्री उशिरा, कारण जेवणात वेळ जातो. हंगामासाठी त्यांची १६ उद्दिष्टं ठरलेली, आणि त्या १६ मध्ये 'अमुक सामने जिंका' असं कुठंच नाही. निष्ठा, एकजूट, शिस्त, चुका काढून टाका, रोज थोडं सुधारा, असलीच. शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या सुविचारांसारखी दिसतात. मीही तसं म्हटलं. मिलर म्हणाले, भिंतीवर सगळ्यांच्याच असतात. मोठी कॉलेजं ज्यांच्याकडं ढुंकून बघायची नाहीत अशी दोन वर्षांच्या कॉलेजांतली पोरं त्यांनी उचलली. शिष्यवृत्तीविना, घरचं खाऊन खेळायला येणारी आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं घेतली. रायली नावाच्या शेजारच्या गावचा जॉर्डी नेल्सन असाच आला, शेतकऱ्याचा पोरगा. पुढं ग्रीन बे या व्यावसायिक संघाकडून सुपर बोल, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा किताब, जिंकला.

आणि पत्रं. स्नायडर जांभळ्या शाईनं हातानं चिठ्ठ्या लिहायचे, समोरच्या संघातल्या खेळाडूंनासुद्धा. तू चांगला खेळलास, दुखापतीतून लवकर बरा हो. ज्यानं आपल्याला हरवलं त्याला पत्र लिहायला बसायचं, ही गोष्ट माझ्या कुस्तीच्या मुलखातल्या मनाला फार भिडली. आमच्याकडं कुस्ती सुटल्यावर समोरच्याच्या पाठीवर थाप मारतात, पण ती माती अंगावर असेपर्यंत. हा गडी घरी जाऊन आठवणीनं लिहायचा.

तालीम म्हणावी अशी आणखी एक गोष्ट. लॉकेट घराण्यातला केव्हिन स्नायडरांकडं खेळला. मग त्याचा भाऊ ॲरन. मग केव्हिनचा मुलगा टायलर, तो मी डोळ्यांनी पाहिला. मुलानं बापाचे विक्रम मोडले, वस्ताद तोच.

देवमाणूस वगैरे नव्हते. ९०च्या दशकात आकडा फुगवायला सुरुवातीचे सामने मुद्दाम लिंबूटिंबू संघांशी ठेवतात, अशी टीका व्हायची आणि ती खोटी नव्हती. २०१७ ला एका खेळाडूला दुसऱ्या कॉलेजात जायचं होतं तर अडवून धरलं, चहूकडून बोंब झाल्यावर सोडलं. मिलरनं हे मला फोनवर स्वतःहून सांगितलं. शिस्तीचा माणूस म्हातारपणी हेकट होतो म्हणाले, माझ्या बायकोला विचार.

पण कागदाचा खरा उपयोग मला वेगळाच दिसला. मिलर त्या रकान्यांवर आयुष्य मोजायचे. आपल्याकडं जुनी माणसं 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली' म्हणतात तसं. धाकटी मुलगी कधी झाली? नेब्रास्काच्या साली. म्हणजे १९९८. नेब्रास्काकडून २९ वर्षं ओळीनं हरत होते, त्या नोव्हेंबरात ४०-३० नं जिंकले आणि लोकांनी मैदानात घुसून गोलपोस्ट उपटले. नवी पिकअप कधी घेतली? सेंट लुईसच्या नंतर, मन रमवायला. तेही १९९८च. एकही सामना न हरता, ११ जिंकून हे डिसेंबरात सेंट लुईसला आपल्या गटाच्या (तिकडं त्याला कॉन्फरन्स म्हणतात) अंतिम सामन्याला गेले. टेक्सास ए अँड एमविरुद्ध शेवटच्या चतुर्थांशात १५ गुणांनी पुढं. तिकडं शर्यतीतला दुसरा संघ, यूसीएलए, हरल्याची बातमी आली. आता इथं जिंकलं की थेट राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. लोक नाचायला लागले. मग बरोबरी झाली, जादा वेळ, आणखी जादा वेळ, आणि ३६-३३ नं हरले. शेवटच्या धावेचं वर्णन मिलर करायचे तेव्हा गिरणीतल्या लाकडी टेबलावर बोटानं पिठात रेघ ओढायचे. इथून पळाला, इथं आपला माणूस एक पाऊल कमी पडला, ही रेषा. मग तळहातानं सगळं पुसून टाकायचे.

२००३ ला त्याचं उट्टं निघालं. एकही सामना न हरलेल्या, पहिल्या क्रमांकाच्या ओक्लाहोमाला कॅन्सस सिटीत ३५-७. जेमतेम साडेपाच फूट उंचीचा डॅरेन स्प्रोल्स एकटा २३५ यार्ड पळाला. १९३४ नंतरचं पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद. मग चार, मग पाच, आणि २००५ ला स्नायडर निवृत्त.

पुढची तीन सालं कागदावर आहेत, आकडे नाहीत. दुसरा कोच आला होता, संघ खेळत होता, काही सामने जिंकतही होता. मिलरनं तिथं नुसती आडवी रेघ मारली आहे. सुतकात देव बुडवतात तसं.

२००९ ला स्नायडर परत आले, वय ६९. सहा, सात, दहा. २०१२ ला ११, आणि त्या वेळी मी तिथं होतो. नोव्हेंबरात संघ देशात पहिल्या क्रमांकावर गेला. किराणा दुकानातली काउंटरवरची बाई सुट्टे पैसे देताना "नंबर वन" म्हणायची. हे सुख एक आठवडा टिकलं. पुढच्याच शनिवारी बेलर विद्यापीठानं ५२-२४ नं लोळवलं. मी तो सामना मिलरच्या घरी टीव्हीवर पाहिला. त्यांच्या बायकोनं मध्यंतरानंतर विणकाम काढलं. ते मात्र पार शेवटचा सेकंद संपेपर्यंत बसले, जाहिरातीसुद्धा पाहिल्या.

तसे ते नेहमीच बसायचे. त्याच ऑक्टोबरात कॅन्सस विद्यापीठाशी सामना होता. भाऊबंदकीचा सामना, पण आपण ५६-१६ नं पुढं. समोरच्यांची दया यावी अशी अवस्था. लोक उठून गाड्यांकडं निघाले होते. वारं अंगाला झोंबत होतं आणि सोमवारी माझी परीक्षा होती. मी उठलो. त्यांनी माझी बाही धरून खाली ओढलं. "बस." मी बसलो. बँड ते रेल्वेचं जुनं गाणं वाजवायला लागला. १९६८ ला बँडची इमारत जळाली तेव्हा बँडमास्तरच्या बॅगेत होतं म्हणून तेवढं एकच वाचलेलं गाणं. त्याच्यावर अख्खं स्टेडियम पुढं-मागं झुलतं. उरलेले आम्ही झुललो.

२०१८ ला स्नायडर कायमचे निवृत्त झाले. त्या सालचा शेवटचा आकडा मी इथं मिरजेत लिहिला. पाच. १९९० ला पाच होते तेव्हा गावात दिवाळी होती, हे लिहिताना आठवलं. एकूण २७ हंगाम, २१५ विजय. बेरीज मी तीनदा केली, बरोबर येते.

मी परत निघालो त्या आठवड्यात मिलरनं नोंदवहीचं पान फाडून हे सगळं आठवणीतून लिहून दिलं, कुठंही न अडखळता. शेवटी वर जाऊन १९८९च्या एकाभोवती गोल केला. मी विचारलं, गोल नेब्रास्काभोवती नको? किंवा ओक्लाहोमाभोवती? हा पहिला विजय म्हणून का?

"हा मी पाहिला नाही," ते म्हणाले.

तिकिटं होती, आले होते, बायकोच्या शेजारी बसले होते. दोन मिनिटं उरली होती. इतक्या वर्षांत जे झालं तेच आज होणार, म्हणून गाडी लवकर काढू म्हणाले. किल्ली लावत असताना मागून आवाज आला. असा आवाज त्या मैदानातून त्यांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे आधी कळलंच नाही कशाचा आहे.

"तिला थांबायचं होतं," ते म्हणाले, आणि त्या एकाभोवती पेन्सिल पुन्हा एकदा फिरवली.